ती बाळ टाकून जाणार, असं सगळे म्हणत होते

हडपसरला आयटी पार्कच्या इमारती उठत होत्या, तेव्हा मी तिथल्या एका प्रसूतिगृहात नवी नर्स होते. जवळच्या गावातली एक सून बाळंतपणाला आली. सासरच्यांनी शेतजमीन बिल्डरला देऊन बंगला बांधलेला. नवरा ती गरोदर असतानाच आजारानं गेला होता; कसल्या, ते घरात कुणी बोलत नव्हतं. तिच्या रक्ततपासणीत आम्हाला कळलं. एचआयव्ही.

मुलगी झाली. वॉर्डातल्या मावशींनी आईची कॉट न सांगताच कोपऱ्यात सरकवली. मेट्रन मला म्हणाल्या, "लक्ष ठेव. अशीच एक मागे बाळ टाकून गेली होती."

मग मला तिचं सगळंच खटकायला लागलं. ती बाळाकडे फार बघायची नाही. एकदा तिनं विचारलं, "सिस्टर, मागच्या बाजूला गेट आहे का?"

"कशाला?"

"उगाच."

घरी सोडायच्या दिवशी, दुपारी, कॉट रिकामी दिसली. मी आधी बाथरूम पाहिलं. मग कचऱ्याचा डबा उघडून पाहिला. ती मागच्या जिन्यात बसली होती. पदराखाली बाळ दूध पीत होतं.

"सासूबाई आल्यात का?" तिनं कुजबुजत विचारलं.

"खाली गाडी घेऊन आल्यात."

"त्या म्हणतात, पोरगी बी तसलीच असंल, इथंच ऱ्हाऊ दे. गावात सांगू दगावली म्हणून." ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "आज सोडणार हे त्यांना तुम्हीच कळवलंत ना?"

"नाही हो."

तिला ते पटलं नाही. बिबवेवाडीला बहीण आहे, तिच्याकडे जाते म्हणाली. आता मला ते पटेना. पण मेट्रनना सांगितल्यावर त्यांनी सासूबाईंना केबिनमध्ये बसवून चहा मागवला, आणि मी मागच्या गेटनं तिला रिक्षात बसवून निघाले. बिबवेवाडीत एका चौकात ती म्हणाली, "इथंच थांबवा."

"घरापर्यंत येते ना."

"नको."

बाळ छातीशी धरून ती गल्लीत वळली. मी रिक्षा तशीच थांबवून ठेवली. ती रिकाम्या हातांनी परत येते की काय, हेच बघत होते. ती आली नाही. तरी त्यानंतर कितीतरी दिवस, कुठे अर्भक सापडल्याची बातमी दिसली की मी मुलगा की मुलगी ते आधी वाचायचे.

मुलगी चालायला लागल्यावर ती मुलीच्या तपासणीसाठी आली. बरोबर बहीण होती, अगदी तिच्याच चेहऱ्याची. रिपोर्ट निगेटिव्ह आला. तिनं मला तो पुन्हा वाचायला लावला, मग दुसऱ्या सिस्टरकडूनही वाचून घेतला, आणि तेव्हा कुठे ती रडली.

"आता राहता कुठे?" मी विचारलं.

"आहोत इथंच, पुण्यात," ती म्हणाली आणि मुलीला कडेवर घेऊन निघाली.