तापलेल्या सांध्यावरची खूण

बिडकीनजवळच्या कारखान्यात वेल्डिंगमधले दोष शोधायचं माझं काम. जाड प्लेटांचा सांधा थराथरानं भरायचा. दर चार थरांनी वेल्डर बाजूला व्हायचा आणि मी त्या गरम प्लेटवर ग्रीस फासून तपासणीच्या यंत्राचा प्रोब फिरवायचो. कानाला न ऐकू येणारा आवाज आत जायचा, कुठं मळी, म्हणजे वेल्डिंगचा कचरा, अडकलेली असली की तिथून परतायचा आणि पडद्यावर टोक उभं राहायचं. तिथं मी खडूनं खूण करायची, वेल्डरनं खोदून पुन्हा भरायचं. उस्मानपुऱ्यातून रोज ये-जा करून मी इतका थकलो होतो, की टोक दिसलं की चीडच यायची.

मामा आमचे सगळ्यात जुने वेल्डर, लासूर स्टेशनकडच्या मेंढपाळाच्या घरातले. त्यांच्या सांध्याशेजारी त्यांचा वेल्डरचा नंबर ठोकलेला असायचा. एकाच जागी तीनदा दुरुस्ती निघाली की नंबर काढून घ्यायचा, असा नियम. मग माणूस हेल्परच्या कामाला.

एकदा मी खूण केली, मामांनी खोदलं. म्हणाले, "साहेब, इथं काय बी नाय."

यंत्र खोटं बोलत नाही, असं मी तोऱ्यात ऐकवलं. त्यांनी ते पुन्हा भरलं. दुसऱ्या दिवशी तिथंच टोक, तिथंच खूण. मामांनी पुन्हा खोदलं, पुन्हा भरलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा टोक आलं. खडू उचलताना माझा हात ब्लॉकला लागला. ज्यावर यंत्राचं माप जुळवून घेतो तो हा लोखंडी ठोकळा, आणि तो गारेगार होता. मी तो कूलरसमोर ठेवायचो, कारण बसायला मलाही तिथंच बरं वाटायचं. गरम लोखंडात आवाज सावकाश चालतो, त्याची वाटही बदलते. हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. ब्लॉक प्लेटइतका तापवून यंत्राचं माप पुन्हा जुळवलं, तर दोष खुणेपासून अर्धं बोट बाजूला. मामांनी तिथं खोदलं. बाजरीच्या दाण्याएवढी मळी निघाली.

आधीच्या दोन्ही दुरुस्त्या मी रिपोर्टात माझी चूक म्हणून लिहिल्या. मामांचा नंबर वाचला. मी माफी मागितली, तेव्हा ते हातमोजे काढत म्हणाले, "नंबराचं सोडा, साहेब. दोन दिस मला वाटलं, माझा हातच गेला."

मला फार लाज वाटली. पूर्वी मामा चार थर एका दमात भरायचे. त्यानंतर मात्र प्रत्येक थराला थांबून, तोंडावरची काच वर करून विचारायचे, "बघता का जरा?"