भिंतीवरचा तेलकट डाग

निवृत्तीनंतर घरी बसून बायकोच्या कामात नाक खुपसण्यापेक्षा मी एका दिवंगत कादंबरीकाराच्या जतन केलेल्या घरात लोकांना माहिती सांगायला जाऊ लागलो. मंडईच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या नि स्वयंपाकघर. पगार नाही, पण ऐकून घेणारे लोक मिळतात. घरी ते मिळत नाहीत.

माझी हुकमी जागा म्हणजे लिहिण्याच्या खोलीबाहेरच्या भिंतीवरचा तेलकट डाग. "कादंबरीकार इथे खाली बसून, भिंतीला डोकं टेकून विचार करत," असं मी सांगायचो. लोक भराभर फोटो काढायचे.

एका रविवारी बिबवेवाडीहून आलेल्या एक आजी हे ऐकून चक्क हसल्या.

"अहो, साहेबांना टक्कल होतं. तेल कुठे लावणार?"

मी वर पाहिलं. डागाच्या बरोबर वर त्यांचा फोटो. तुळतुळीत टक्कल! दोन वर्षं मी त्या फोटोखाली उभा राहून अक्कल पाजळत होतो.

आजींनी या घरात वीस वर्षं स्वयंपाक केला होता. साहेबांची हाक आली की लगेच चहा द्यायचा, म्हणून दुपारभर त्या तिथे भिंतीला टेकून बसत. डाग त्यांच्या खोबरेलाचा.

"नातीला कॉलेजात साहेबांचीच कादंबरी आहे. मी त्यांच्याकडे होते म्हटलं की म्हणते, आजी, काहीही हं! पुढच्या रविवारी आणते तिला. हा डाग दाखवते."

मला लाजही वाटली आणि आनंदही झाला. दुसऱ्याच दिवशी मी घर जपणाऱ्या संस्थेच्या कार्यवाहांना खरी हकीकत सांगितली. म्हटलं, इथे त्या बाईंच्या नावाची पाटी लावू.

"म्हणजे डाग कादंबरीकारांचा नाही?"

"नाही."

"बरं झालं बोललात. गुरुवारी रंगारी येतोच आहे."

मी भांडलो, आवाज चढवला. "आपण कादंबरीकाराचं घर जपतोय, स्वयंपाकीणबाईंचं नाही," एवढं ऐकून घरी आलो.

रविवारी आजी ठेवणीतली साडी नेसून आल्या. नातीचा हात धरून तडक भिंतीपाशी गेल्या आणि पांढऱ्याशुभ्र रंगावरून हात फिरवत राहिल्या.

"इथेच होता गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नातीला बाजूला घेऊन मी डाग, चहा, रंगारी, सगळं घडाघडा सांगितलं.

ती गोड हसली. "थँक्यू काका. पण तिचं मन राखायला एवढं सगळं रचलंत कशाला?"