चार नंबरचा कप

आष्ट्याच्या पेठेत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याला लागून सुभेदार लालासाहेब ढोल्यांचं चहापत्तीचं. मधली भिंत एका विटेची. त्यामुळं गेली पंधरा वर्षं रोज दुपारी तीनच्या सुमाराला पलीकडून सुर्रकन आवाज आला, की समजायचं, सुभेदार चहा चाखायला बसले.

पहिल्यांदा मी तो प्रकार बघितला तेव्हा मला हसू आलं होतं. लांब टेबलावर सहा-सात पांढरे कप, प्रत्येकात काट्यावर तोललेली तेवढीच पत्ती, वरून खळखळ उकळतं पाणी. दूध नाही, साखर नाही. मग पाच मिनिटं गप्प. मिनिटं मोजायचं घड्याळ माझ्याच दुकानातलं. वेळ झाली की चमच्यानं घोट घ्यायचा, तो मोठ्या आवाजात आत ओढायचा, जिभेवर घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा.

"थुंकायचाच, तर ओढायचा कशाला?" मी विचारलं होतं.

"शोएबभाई, चव जिभेवर अर्धीच असतीय. अर्धी नाकात. वारं घेतल्याबिगर नाकात जात न्हाई."

मग मला हळूहळू कळत गेलं. आसामचा चहा अंगानं दाट. भाजलेल्या धान्यासारखा वास आणि काकवीसारखा रंग. म्हशीच्या दुधात तोच टिकतो. उत्तर बंगालातल्या डुआर्सचा मवाळ, रंगाला चांगला, पण मागं काही ठेवत नाही. निलगिरीचा कप स्वच्छ, वासाला फुलासारखा. दार्जिलिंगचा इतका नाजूक की आमच्याकडच्या साखरेखाली गुदमरून जातो. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे सांगलीतले दोन डॉक्टर. आणि एकाच भागातल्या शेजारशेजारच्या दोन बागांचा चहासुद्धा सुभेदार डोळे मिटून वेगळा सांगायचे. जत आणि कवठे महांकाळच्या दुकानदारांसाठी ते मिश्रण वेगळं करत. तिकडचं बोअरचं पाणी जड, त्यात चांगला चहासुद्धा काळवंडतो, वर साय धरल्यासारखा तवंग येतो. त्या पाण्याला कोणती पत्ती पुरून उरेल, हे त्यांना पाठ होतं.

कोलकात्याहून नमुन्यांच्या पुड्या आल्या, की त्यांची सून अंकिता बागेची नावं झाकून नुसते नंबर चिकटवायची. नाव दिसलं की जीभ खोटं बोलते, असं सुभेदारांचं मत. एक बाग तेवढी त्यांना चालत नसे. दलालाला फोनवर ते दर वेळी सांगायचे, "मेघजुरी सोडून बाकी कुठलाबी पाठवा." कारण मी कधी विचारलं नाही. फौजी माणसाला काही गोष्टी विचारायच्या नसतात, एवढं मला कळतं.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी संपून आठवडा झाला असेल. भिंतीपलीकडं तीन वेळा सुर्रकन झालं. चौथ्यांदा अर्धंच झालं, आणि कप फुटला. मी धावत गेलो. सुभेदार खुर्चीत होते, पण नजर टेबलाच्या डाव्या टोकाला लागलेली. तिथं कोणीच नव्हतं. अंकिता पाणी घेऊन उभी होती.

"चार नंबर कुठला गं?" त्यांनी तिला विचारलं.

तिनं यादी बघितली. "मामा, मेघजुरी. दलाल नवा हाय, त्याला कुणी सांगितलं नसंल."

अंकिता आत गेल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं.

"शोएबभाई, तो आज बोलला."

"कोण?"

"बाळासो."

मग त्या दुपारी, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून, त्यांनी मला सगळं सांगितलं.

सन एक्क्याण्णवचा डिसेंबर. सुभेदार तेव्हा शिपाई होते, वय सव्वीस. वरच्या आसामात मेघजुरी नावाच्या चहाबागेतल्या जुन्या गोदामात त्यांची तुकडी राहत होती. तिथंच जतकडचा बाळासो कोळेकर भेटला. दोघंही सांगली जिल्ह्यातले, त्यामुळं एका ताटात जेवायचे. बागेच्या कारखान्यात हजारिका बाबू म्हणून चहापत्ती तयार करणारे म्हातारे गृहस्थ होते. लालासाहेबांचं नाक तल्लख आहे हे त्यांनी ओळखलं आणि त्यांना चाखायला शिकवलं. बाळासोला त्यातलं काही जमायचं नाही. तो कप उचलायचा, फू फू करून फुंकर मारायचा आणि गटागटा पिऊन टाकायचा. बाबू कपाळाला हात लावायचे.

त्या दिवशी स्टेशनवरून रेशन आणायला गाडी जाणार होती आणि तिच्यासोबत पहाऱ्याला जायची पाळी लालासाहेबांची होती. बाबूंनी शेजारच्या चार बागांचे नमुने मागवून मेघजुरीच्या चहाशेजारी मांडले होते. कपात पाणी पडलं आणि दारात बाळासो आला.

"गाडी लागलीया, चल."

"पाच मिन्टं थांब, गड्या. आत्ताच पाणी पडलंय."

"डायवर थांबतोय व्हय तुझ्या पाच मिन्टांसाठी?"

"थांबव की त्याला, रं! चार बागा एकदम परत कवा मिळायच्या?"

बाळासोनं लालासाहेबांकडं बघितलं, हसला. डाव्या टोकाचा कप उचलून फुंकर मारली, न मुरलेलाच चहा पिऊन टाकला आणि तोंड वाकडं केलं. "ह्या कडू पाण्यासाठी येडा झालायस तू. बस हितंच. मीच जातो." भिंतीला टेकवलेली लालासाहेबांची पाण्याची बाटलीसुद्धा त्यानंच उचलली, कारण स्वतःची आणायला वेळ नव्हता.

स्टेशनच्या अलीकडं रस्त्याखाली एक मोरी होती. तिच्यात अतिरेक्यांनी सुरुंग पेरलेला होता. आवाज कारखान्यापर्यंत आला तेव्हा लालासाहेबांच्या तोंडात मेघजुरीचा घोट होता.

चौकशीत लालासाहेबांनी सांगितलं, मला ताप होता, म्हणून बाळासो माझ्या जागी गेला. हजारिका बाबूंनी ते खोडलं नाही. बाळासोच्या शवपेटीबरोबर गावापर्यंत जायला लालासाहेबांनाच पाठवलं. बाळासोची बायको बनुबाई तेव्हा वीस-एकवीस वर्षांची, कडेवर वर्षाचं पोर, कृष्णात. तिलाही त्यांनी तापच सांगितला.

"आन् तवापासनं," सुभेदार म्हणाले, "मी चाखाय बसलो की डाव्या अंगाला कोणतरी फुंकर मारतंय. रोज. घोट घ्यायच्या आधी एक फुंकर. वाफ हालतीया, शोएबभाई. मी बघतोय."

"मग हा धंदा कशाला धरलात? चहा सोडायचा की."

ते माझ्याकडं असे बघत राहिले, की मी काहीतरी भलतंच बोललो असावं. "चहा सोडला असता, तर तोबी गेला असता."

इतकी वर्षं नुसती फुंकर होती. त्या दुपारी चार नंबरचा घोट तोंडात असताना मात्र डाव्या कानाशी आवाज आला होता : गाडी लागलीया, चल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. हातात मेघजुरीच्या नमुन्याची पुडी. "जतला यायचं का? माझ्या हातानं गाडी चालायची न्हाई."

माझ्या जुन्या व्हॅनमधून आम्ही निघालो. मिरज सोडलं, कवठे महांकाळ मागं पडलं, ऊस संपला आणि मोकळी माळरानं लागली.

बनुबाईंचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं, पुढं मेंढरांचं कुंपण. त्या पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, डोक्यावर पदर. सुभेदारांना बघून तोंडभर हसल्या. "या, लालादादा! सांगावा तरी धाडायचा. पत्ती पोचलीया बरं का ह्या म्हैन्याची." बत्तीस वर्षं हा माणूस त्यांना न चुकता चहा पाठवत होता, फौजेत असताना टपालानं आणि नंतर एसटीच्या पार्सलनं.

सुभेदार बसले नाहीत. उभ्या उभ्या, साहेबापुढं रिपोर्ट द्यावा तसं त्यांनी सगळं सांगितलं. ताप नव्हता हे सांगितलं, ते पाच मिनिटांचं सांगितलं, बाटलीचंसुद्धा सोडलं नाही.

बनुबाई चुलीपुढं बसल्या होत्या. ऐकताना त्यांनी एक काटकी मोडली, मग तिचे आणखी दोन तुकडे केले.

"म्हंजे चहा पीत हुतासा," त्या म्हणाल्या.

"व्हय, वहिनी."

"आन् मी म्हणायची, केवढी माया ह्या माणसाला. गावात सांगायची मी. भाऊ न्हाई, पर भावासारखा हाय म्हणायची."

सुभेदारांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता ती बाई आम्हाला बाहेर काढणार. काढलं असतं तरी बरं झालं असतं. पण सुभेदारांना थांबता येईना. त्यांनी फुंकरीचंही सांगून टाकलं. टेबलाचं डावं अंग, हलणारी वाफ, कालचा आवाज.

बनुबाई ताडकन उठल्या. आवाज पहिल्यांदाच चढला.

"तुमच्याकडं येत्यात?"

"व्हय."

"रोज?"

"चाखाय बसलो की."

"बत्तीस वर्सं झाली, मला सपनातबी दिसलं न्हाईत!" त्यांनी काटकीचा तुकडा चुलीत फेकला. "आमुशा करा म्हणलं, केली. देवरुषी झाला. सांजच्याला दारात बसून वाट बघितली, वर्सं न् वर्सं. तोंड सुदिक आठवंना झालंय मला, दादा. फोटूतलं तेवढं आठवतंय. आन् तुमच्याकडं रोज? तुमच्याकडं का?"

बनुबाईंनी सुभेदारांच्या हातातून पुडी घेतली, उघडून वास घेतला आणि परत दिली. "जावा आता तुमी."

परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, "तिचा माणूस मी दोनदा नेला."

पुढं महिनाभर दुपारचा सुर्रकन आवाज आलाच नाही. नमुने तसेच पडून. जतचं पार्सलही त्यांनी थांबवलं. अंकितानं दुकान जमेल तसं रेटलं. मग एका गुरुवारी दुपारी एसटीतून उतरून विचारत विचारत बनुबाई पेठेत आल्या. हातात कापडी पिशवी, अंगावर नवं लुगडं. दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "बसा चाखायला. मला बघायचंय."

सुभेदारांनी मला हाक मारली. एकट्यानं त्यांना ते झेपणार नव्हतं. अंकितानं पाणी उकळलं. सात कप मांडले. आसामचे तीन, डुआर्सचे दोन, निलगिरीचा एक आणि बनुबाईंच्या हट्टापायी मेघजुरीचा एक. नंबर नाहीत, झाकाझाक नाही. बनुबाई टेबलाच्या उजव्या बाजूला बसल्या, डाव्या टोकाला स्टूल रिकामं ठेवलं. पाच मिनिटं कोणी हललं नाही. सात कपांची वाफ सरळ वर जात होती.

सुभेदारांनी पहिला कप चाखला, मग दुसरा. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. तिसऱ्याला त्यांचा हात थबकला. ते ऐकत होते, वाट बघत होते, हे मला स्पष्ट दिसत होतं. मग मेघजुरीचा घोट घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"आलं का?" बनुबाईंनी हळू विचारलं.

सुभेदारांनी रिकाम्या स्टुलाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "आलाय."

बनुबाईंनी पदर सावरला आणि स्टुलाकडं तोंड करून बसल्या. मग नुकतंच लग्न झालेल्या पोरीच्या आवाजात म्हणाल्या, "आवं, ऐकलासा का? कृष्णातला दोन पोरी झाल्या. धाकटीचं नाक तुमच्यावानी हाय म्हणत्यात, मला काय कळंना. म्हैसाळच्या योजनेचं पाणी आलं औंदा वड्याला. तुमची आई गेली, ती तुमचं नाव घेतच गेली. मी रागात हुते लय दिस. न सांगता गेलासा म्हणून. आता न्हाई."

त्या बोलत राहिल्या. मेंढरांचं, जुन्या भांडणाचं, लग्नातल्या कुठल्यातरी हिरव्या साडीचं. अंकिता आत जाऊन रडली. कप गार झाले. चारच्या एसटीला जायचं म्हणून त्या उठल्या, तेव्हा सुभेदारांच्या पाया पडायला वाकल्या. ते इतके मागं सरले की भिंतीला पाठ लागली.

"पुढच्या म्हैन्याला येते," त्या म्हणाल्या. "त्येंला सांगून ठेवा."

त्या गेल्यावर मी विचारलं, "खरंच आला होता?"

सुभेदारांनी डोळ्यावरचा चष्मा काढला. "न्हाई, शोएबभाई. तिला सांगितलं त्या दिवसापास्नं गेलाय तो. जतहून आल्यावर एकदा रात्री बसलो हुतो गुपचूप. वाफ सरळ जाती. कायबी ऐकू येत न्हाई." चष्मा पुसत ते म्हणाले, "लय एकटं वाटतंय बघा. बत्तीस वर्सांत पैल्यांदा."

ताप होता हे त्यांचं पहिलं खोटं. हे दुसरं. मी ते कधी बनुबाईंना सांगितलं नाही. आणि अल्लाला विचारायचंच झालं, तर यातलं कोणतं मोठं, ते त्यानं ठरवावं.

बनुबाई अजून दर महिन्याला येतात. मी भिंतीपलीकडं घड्याळाच्या काट्यांवर वाकलेला असतो. सुर्रकन आवाज होतो, मग सुभेदार म्हणतात, "आला." आणि बाई बोलायला लागतात. कधी कधी मधेच थांबून, कोणाचं तरी ऐकल्यासारखं हसतात. परवा हसताना त्या म्हणाल्या, "थांबा की, फुंकर मारा आधी, गरम हाय त्यो."

पलीकडं सुभेदारांच्या खुर्चीचा पाय फरशीवर करकरला, डाव्या टोकाकडं वळल्यासारखा.