वडनेरपर्यंतचा बोगदा

हिंगणघाटच्या एका जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातला, कम्प्युटर वडनेरच्या आमच्या घरातून चालवून दाखवायचा, एवढीच परीक्षा होती. पास झाले तर जिनिंगच्या कम्प्युटरांचं काम मला, तेही घरी बसून. नापास झाले तर सोमवारी पुण्याची गाडी. आई जा म्हणत होती. पोट भरायचं तर जा लागते, म्हणायची आणि वांगी तोडायला एकटीच भाजीच्या वाडीत निघून जायची. मला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

आदल्या दिवशी जिनिंगमध्ये जाऊन मी सगळं बसवून आले होते. त्यांच्या राऊटरपासून माझ्या लॅपटॉपपर्यंत एक बोगदा. जातो इंटरनेटवरूनच, पण आतलं सगळं एन्क्रिप्टेड, बाहेरच्याला काही कळूच नये असं. तोंडाशी फायरवॉल, म्हणजे चौकीदार. ओळखीचा असेल तरच आत सोडणारा.

सकाळी बोगदा उघडला आणि वजनकाट्यावरच्या कम्प्युटरचा पडदा थेट माझ्या मांडीवर! तिकडे कापसाच्या गाड्या काट्यावर चढत होत्या, इकडे माझ्यासमोर आकडे पळत होते. मला हर्षवायूच व्हायचा बाकी होता. जिनिंगचे शेठ जेवण झाल्यावर परीक्षा घेणार होते. पण गप्प बसेन तर ती मी कसली? दुपार होता होता चौकीदार अजून कडक करावा असं मनात आलं. नियम लिहिला: सगळ्यांना बंदी. त्याच्या वर मला आत सोडायचा नियम लिहायला मात्र विसरले. एंटर दाबलं आणि पडदा गेला. चौकीदारानं मलाच हाकललं होतं, माझ्याच हुकुमावरून.

जिनिंगचं ऑफिस सांभाळणाऱ्या दिवाणजींना फोन लावला.

"दिवाणजी, मले काहीच दिसून नाई राह्यलं!"

"कसं दिसन? मेन स्विच पाडला ना मी."

"काऊन?"

"जेवाची सुट्टी हाय. कापूस हाय बाई हा, एखादी ठिणगी पडली तं? सुट्टीत सारा करंट बंद. पहिलेपासूनच."

"अन् राऊटरची बॅटरी?"

"ते टूंटूं करून राह्यली होती. तिलेबी बंद केलं."

ती बंद करू नका म्हणून काल मी त्यांना हात जोडले होते. आता ओरडणारच होते, तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. तो कडक नियम मी सेव्ह कुठं केला होता? करंट गेला म्हणजे राऊटर तो विसरला. उठेल तेव्हा त्याला कालचंच आठवेल.

"दिवाणजी, तुमचे पाय धरू काय?"

"काऊन वं? काय झालं?"

सुट्टी संपली, करंट आला, बोगदा आपोआप उभा राहिला. शेठ कम्प्युटरसमोर माऊस सोडून हात वर करून बसले आणि मी वडनेरहून त्यांच्या पडद्यावर माऊसचा बाण गरगर फिरवला. जरा जास्तच फिरवला.

"बस कर वं पोरी," शेठ फोनवर म्हणाले, "चक्कर येऊन राह्यली. देल्लं काम तुले."

मग तो नियम पुन्हा लिहिला, आधी स्वतःला आत घेऊन. सेव्हही केला. आणि चप्पल न घालताच वाडीत पळाले.

"आई, मी नाई जात पुण्याले!"

आईनं टोपलं खाली ठेवलं. तरातरा कुंपणाशी गेली आणि पलीकडच्या वावरातल्या काकूंना, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अवं, नाई जात माही पोरगी! नाई जात!"