कलकत्त्याला राहिलेल्या चपला

जगात हेवा करावा असा माणूस एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा साडू निघाला. श्रीमंतांचा मी कधी हेवा केला नाही, देखण्यांचाही नाही. माझ्यामागून नोकरीला लागून माझ्यावर साहेब होऊन बसले, त्यांचासुद्धा फारसा नाही. पण आमचे मुदखेडचे साडू समोर आले की आजही माझ्या पोटात दुखायला लागतं. बरं, त्यांच्याकडे जळण्यासारखं काय आहे म्हणाल, तर काडीचं काही नाही. मुदखेड जंक्शनवर मालधक्क्याला कारकून. अंगानं लुकडे, एक भुवई कायम वर चढलेली, आणि हसता हसता खोकणार, खोकता खोकता हसणार. पण या माणसाच्या आयुष्यात सतत काहीतरी घडत असतं आणि माझ्या आयुष्यात कधी काही घडत नाही, हे माझं खरं दुखणं. मी नांदेडहून मुदखेडला निघालो तर मुदखेडला पोचतो. ते निघाले तर गाडीत डोळा लागून थेट किनवटला पोचतात, तिथं अनोळखी घरी बारशाला जेवतात, पोराच्या नावावरून भांडणाऱ्या आत्यांना तिसरंच नाव सुचवून मोकळे होतात आणि वर जंगलातल्या मधाची बाटली घेऊन घरी येतात. घरी उशीर का झाला म्हणून बायकोनं रागवावं, तर तीही मध चाटत ऐकत बसलेली!

आमची सासुरवाडी औशाजवळच्या एका खेड्यात. मामांना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, दोन मुली. थोरली माझ्या घरी, धाकटी मुदखेडला. म्हणजे मी थोरला जावई. पहिलं ताट माझं, पहिला पाट माझा, असा रिवाज. शिवाय उस्मानाबादेतून फुटून लातूरचा वेगळा जिल्हा झाला आणि माझी बदली नव्या कलेक्टर कचेरीत झाली, तेव्हा तर माझा भाव चांगलाच वधारला. मामा पाराजवळ सांगायचे, “आमचं थोरलं पाव्हणं जिल्ह्याच्या ठिकाणी असतेत.” मी ऐकू न आल्यासारखं करायचो आणि दोनदा तिथून चकरा मारायचो. साडूंना हे ठाऊक होतं. ते लातूरला आले की स्टेशनावर उभ्या आमच्या अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीच्या पाठीवर हलके थोपटायचे आणि म्हणायचे, “थोरले, जिल्हा मोठा झाला बरं का, पण गाडी अजून दूध पिऊन राहिली.” साडू असं बोलले की माझी बायकोदेखील तोंडाला पदर लावायची.

मग दुष्काळ पडला. मामांची विहीर त्या गावात नावाजलेली; आजूबाजूच्या चार विहिरी आटल्या तरी हिच्यात पाणी असायचं. ती आटली. तेव्हापासून मामांचं हसू गेलं. माणूस मूळचा गडगडाटी हसणारा. आता सकाळी उठून विहिरीपाशी जायचे, वाकून बघायचे आणि परत येऊन ओसरीवर बसायचे. जेवा म्हटलं तर जेवायचे, बोला म्हटलं तर “हाव” म्हणायचे. सासूबाई मला एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या, “तुमी मोठ्या कचेरीतले, काही बी करा, पर यांना एकडाव हसवा हो.” मी मनाशी ठरवलं, मामांना हसवीन तर मीच. आता माझ्यासारख्यानं काय करावं? मी टंचाईच्या कामावर होतो. खटपट करून गावाला टँकर सुरू करून दिला. पहिला टँकर आला तेव्हा मी स्वतः पुढं ड्रायव्हरशेजारी बसून गेलो. मामा म्हणाले, “बरं झालं.” झालं, संपलं. आणि त्याच आठवड्यात आमचे साडू आले, ते अहेर म्हणून मुदखेडच्या पाण्यानं भरलेली दुधाची किटली घेऊन. गाडीत लोकांनी पाणी मागितलं तरी दिलं नाही, सासऱ्यांचं आहे म्हणून सांगितलं, म्हणे. सासूबाईंनी त्या किटलीला हळदकुंकू वाहून ती देवापाशी ठेवली. माझ्या अख्ख्या टँकरला कुणी साधी फुलाची पाकळी वाहिली नव्हती!

पण हे काहीच नव्हे. खरा घाव बसला त्या वर्षीच्या येळवसेला. वेळ अमावास्येला आमच्याकडे घराला कुलूप लावून सगळे शेतात जातात, कडब्याची कोप, म्हणजे खोपट, उभी करतात, पांडवांची पूजा होते आणि मग भज्जी, उंडे, खीर, आंबील असं जेवण. त्या साली शेतात कापायलासुद्धा काही नव्हतं. गुरांच्या तोंडचा कडबा मागून आणून नावापुरती कोप उभी केली होती. मामा मान खाली घालून आंबिलीचा पेला हातात धरून बसले होते. तेवढ्यात साडू म्हणाले, “मामा, मी जमिनीखालनं रेल्वेत बसून आलो.”

गोष्ट अशी, की रेल्वेचा त्यांचा फुकट पास साल संपता संपता वाया चालला होता. आपण उरलेली भाकरी वाया जाऊ नये म्हणून खातो, तसे हे नवराबायको पास वाया जाऊ नये म्हणून कलकत्त्याला गेले. तिथं नुकतीच भुयारी रेल्वे सुरू झालेली. “रस्त्याच्या कडेला पायऱ्या, मामा! मोट्याच्या मोट्या, खाली खाली गेलेल्या. आता आपल्याकडं पायऱ्या उतरून खाली जायचं, म्हंजे विहीर न्हाईतर बारव. आन् विहिरीत आसरा असतेत, पाण्यातल्या देवी. तिथं चपला घालून कोण उतरतं? मी काढल्या. बाजूला, जोडीनं, नीट ठेवल्या. ही म्हणाली, सगळे तर घालूनच चाललेत. मी म्हणलं, त्यास्नी न्हाई कळत, म्हणून काय आपल्याला बी कळू नये? तिथं एक पोलीस उभा होता. त्याला म्हणलं, जरा लक्ष असू द्या. त्यानं मान हलवली.”

मामांनी मान वर केली. साडू मग गाडीत शिरले. फलाट हा एवढा झगझगीत उजेडाचा, खाली माघातल्यासारखं गार, गाडीला धूर नाही, शिट्टी नाही, दारं आपली आपण मिटतात. रेल्वेत जन्म काढलेला माणूस, हिरवी झेंडी कोण दाखवतो ते शोधत राहिला आणि तेवढ्यात गाडी निघालीसुद्धा. “खिडकीपाशी बसलो तर भाईर नुसता अंधार. म्हणलं बोगदा हाय, आता सरंल, मग सरंल. सरतोच कुठला!”

“खाली पाणी नव्हतं लागलं का?” मामांनी विचारलं. कित्येक दिवसांत त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

“लागलं होतं की! खांदतानी रातंदिस मोटारी लावून उपसून फेकलं म्हणे.”

“फेकलं?” मामा म्हणाले, आणि विहिरीच्या दिशेनं बघायला लागले. मला वाटलं, आता बिघडलं; आणि खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं. पण साडू कुठले थांबायला! भवानीपूर नावाच्या स्टेशनावर ते उतरले. तिथं एक हलता जिना होता. “म्हणलं, सगळ्या पायऱ्या एकदाच्या वर जाऊ द्या, मग निवांत चढू. त्या काही सरंनात. शेवटी बाजूच्या साध्या जिन्यानं वर आलो, तर चपला गायब!”

“गायब?” सासूबाई म्हणाल्या.

“गायब. जिना तसाच, फरशी तशीच, पोलिसाची टोपी बी तशीच. मी पोलिसाला धरलं. म्हणलं, आताच तर तुमच्या सुपूर्द केल्या होत्या, मान हलवली न्हाई का तुमी? तो बंगालीत, मी आपल्या बोलीत. गर्दी जमली. शेवटी हिनं बाहीला धरून वढलं आन् म्हणली, अहो, हे दुसरं गाव हाय!”

मामांच्या नाकातोंडातून आंबील बाहेर आली. विहीर आटल्यापासून त्या घरानं ते हसणं ऐकलं नव्हतं. ते हसत होते, डोळे पुसत होते, आणि “विहिरीत इकडनं उतरून तिकडनं कोण निघतं, पाव्हणं?” असं म्हणून पुन्हा हसत होते. मी कचेरीतल्या माणसाला शोभेल अशी शंका काढली, “मग परत जाऊन चपला का नाही आणल्या?” तर सासूबाई माझ्यावरच उखडल्या. भवानीपूर म्हणजे आईचंच गाव, तुळजापूरला लोक अनवाणी चालत जातात, साडूंना देवीनं कलकत्त्यात बोलावून घेतलं, असा त्यांनी निकाल दिला. म्हणजे बघा. माणसानं वेडेपणा केला आणि त्याचंच पुण्य झालं. त्या दिवशी खिरीची पहिली वाटी साडूंच्या पानात पडली. बायको म्हणाली चुकून पडली. माझा नाही विश्वास.

त्यानंतर वर्षभर मी धुमसत होतो. जो तो मला भेटून विचारायचा, “तुमचेच ना ते चपलावाले साडू?” शेवटी मी रजा काढली आणि बायकोला सांगितलं, काशीला जाऊ. कलकत्ता वाटेतच आहे, असंही सांगितलं. बिचारीनं नकाशा कधी पाहिला नव्हता म्हणून निभावलं. मी त्याच जिन्यापाशी गेलो, बूट पायात ठेवून उतरलो, रांगेत उभं राहून तिकीट काढलं, गाडीत बसलो. फार सुंदर गाडी हो. मी आधी लातूरच्या छोट्या गाडीखेरीज एसटीचाच माणूस. तो गार वारा, तो उजेड, जमिनीच्या पोटातून आपण सुसाट चाललो आहोत ही जाणीव, माझ्या अंगावर काटा आला. पण घडलं काय? काही नाही! दाराशी मुद्दाम रेंगाळलो, तर लोकांनी वाट करून दिली. एका सद्गृहस्थांनी उठून जागा दिली. हलत्या जिन्यावर पाय ठेवला, त्यानं सांभाळून वर नेऊन सोडलं. एवढ्या लांब जाऊन माझ्या पायातल्या बुटाची नाडीसुद्धा सुटली नाही.

पुढची येळवस आली. पाऊस त्याही साली रुसलेला. मामांनी विहिरीशेजारी बोअर घेतली होती. वर धूळ आली, बाकी काही नाही. मामा पुन्हा गप्प झाले होते, आणि या वेळचं गप्प बसणं भीती वाटावी असं होतं. जेवणं व्हायच्या आत सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “थोरले पाव्हणं बी जाऊन आलेत म्हणं कलकत्त्याला. सांगा की.” साडू समोरच बसले होते. मी घसा खाकरून सांगायला लागलो. पायऱ्या उतरलो. तिकीट काढलं. गाडीत बसलो. भवानीपूरला उतरलो. वर आलो.

“मंग?” मामांनी विचारलं.

“मग… आलो परत.”

मामांनी मान पुन्हा खाली घातली. मला ते पान सोडून उठून जावंसं वाटलं. माझा टँकर, माझा जिल्हा, माझं थोरलेपण, सगळं त्या “आलो परत”मध्ये बुडालं. आता साडू आपली गोष्ट सुरू करतील आणि माझी उरलीसुरली अब्रू जाईल, अशा हिशेबानं मी बसलो होतो. साडूंनी आपली ती वरची भुवई आणखी वर नेली आणि अगदी काळजीच्या आवाजात मला विचारलं,

“थोरले, एक सांगा. माझ्या चपला हाईत का हो तिथं अजून?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. मला गोष्टीत ओढून घ्यायला ते जणू हात पुढे करून थांबले होते. आणि मामांनी मान किंचित वर केली होती. काशीच्या वाटेतलं ते कलकत्ता सोडलं, तर मी जन्मात कधी नसलेलं ‘आहे’ म्हटलेलं नाही. कुठून बळ आलं कोण जाणे.

“हाईत,” मी म्हणालो.

“हाईत?” मामा म्हणाले.

“हाव. तशाच. जोडीनं. आणि तो पोलीसही तिथंच उभा. मी उचलायला वाकलो, तर त्यानं माझा हात धरला. म्हणाला, ज्यानं ठेवल्या त्यालाच देणार.”

कोप हादरली म्हणजे हादरली. मामा मागे कडब्यावर रेलून हसत होते, साडू हसता हसता खोकत होते, सासूबाई “बया गं, इमानदार हाय तो पोलीस” म्हणत होत्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा लोकांच्या हसण्याच्या मधोमध बसलो होतो. निघताना मामा माझा गुडघा दाबून म्हणाले, “लई ब्येस सांगितलं, पाव्हणं.” साडू शेजारीच चपला घालत होते. त्यांनी ऐकलं आणि ऐकू न आल्यासारखं केलं.

पुढे पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं. नंतरच्या कित्येक येळवशी आम्ही ती गोष्ट जोडीनं सांगितली. उतरायचं साडूंनी, विचारायचं साडूंनी, आणि “हाईत” म्हणायचं मी. आता मामा नाहीत, सासूबाई नाहीत. साडू निवृत्त होऊन मुलाकडे हैदराबादेत राहतात. परवा मेहुणीनं फोनवर बायकोला सांगितलं, की तिथल्या बागेत म्हाताऱ्यांच्या घोळक्यात यांनी ती गोष्ट रंगवली, आणि कुणी एक निवृत्त इंजिनिअर आहेत, ते हल्ली मधेच “हाईत!” म्हणून ओरडतात. माझा जीव तडफडला. त्या इंजिनिअरला मी ओळखत नाही, तो भला माणूसही असेल, पण त्याला हा अधिकार दिला कुणी? रात्रभर कूस बदलत राहिलो, आणि सकाळी उठल्याबरोबर फोन लावला. कसे आहात, काय चाललंय, काही विचारलं नाही. म्हटलं, “तुमचा तो इंजिनिअर कलकत्त्याला गेला होता का कधी?”

पलीकडून बराच वेळ नुसता खोकला ऐकू आला. मग आमचे साडू हळू आवाजात म्हणाले, “म्हणू द्या हो त्यांना, थोरले. पाहिल्या तर तुमीच ना.”