म्हसोबाच्या लिंबाचा ख्रिसमस

आमच्या पालमच्या शाळेतला शिपाई रंगनाथ म्हणजे भीतीचं गाठोडं. प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या सांगाड्याला नमस्कार केल्याशिवाय तो तिथं झाडू मारत नसे. मुख्याध्यापकांनी नुसतं "रंगनाथ" म्हटलं तरी याच्या हातातला चहा बशीत सांडायचा. मला त्याची चीड यायची. मी विज्ञान शिकवते, आणि स्वभावानं तशी फटकळच आहे.

गेल्या डिसेंबरात मुख्याध्यापकांच्या डोक्यात नाताळ शिरला. परभणीच्या शाळा झाड सजवतात, मग आपण का नाही? प्लास्टिकचं झाड मागवायचं राहून गेलं, तेव्हा फर्मान निघालं, "रंगनाथ, कुठलंही हिरवं झाड आण." दुसऱ्या दिवशी सकाळी तो रिक्षातून कडुलिंबाची पुरुषभर उंचीची फांदी घेऊन आला. पोरींनी तिच्यावर चांदण्या, फुगे, दिव्यांची माळ चढवली. झाड नाताळचं कमी आणि पाडव्याचं जास्त वाटत होतं, पण दिसत होतं छान. दुपारी पाहुणे येणार होते.

त्याआधी मुलांना या झाडाची परंपरा समजावून सांगायचं काम माझ्याकडं होतं. मी सांगितलं, की युरोपात हिवाळ्यात बर्फ पडतो, बहुतेक झाडं खराट्यासारखी होतात, काही सूचिपर्णी झाडं तेवढी हिरवी राहतात. त्यांच्या फांद्या लोक घरात आणत, सृष्टीत जीव अजून शिल्लक आहे एवढं डोळ्यांना दिसावं म्हणून. पुढं जर्मनीत येशूच्या जन्माच्या सणाला अख्खं झाडच घरात उभं राहू लागलं. त्यावर सफरचंदं टांगत, मेणबत्त्या लावत. आमच्या पोरांना हे कसं पटावं? इथं डिसेंबरात शिवारभर ज्वारी आणि हरभरा हिरवागार असतो. पोरं जांभया द्यायला लागली, म्हणून मी दंतकथा काढली.

"फार पूर्वी तिथं एक ओकाचं झाड होतं. लोक त्याला देवाचं झाड मानायचे. एका ख्रिस्ती धर्मोपदेशकानं ते कुऱ्हाडीनं तोडलं. आता याच्यावर वीज कोसळणार म्हणून सगळे श्वास रोखून उभे राहिले." इथं मी मुद्दाम थांबले.

तेवढ्यात मागं पाण्याचा जग पडला. दारात रंगनाथ उभा होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तास संपल्यावर त्यानं मला व्हरांड्यात गाठलं. "बाई, ती फांदी म्हसोबाच्या लिंबाची हाय."

त्याच्या गावाच्या शिवेवरच्या त्या लिंबाला कोणी हात लावत नाही. खाली पडलेली काडीसुद्धा उचलत नाहीत, जागीच कुजू देतात. आदल्या दिवशी लाइनमननं तारेला लागणारी फांदी छाटली होती, तीच यानं आणलेली.

"घरी न्यायची न्हाई, चुलीत घालायची न्हाई, एवढंच मला ठावं," तो म्हणाला. "म्हनलं, शाळा काय घर न्हाई, अन् आपुन जाळनार बी न्हाई. चालंल."

"मग चाललं की. गोष्ट पुरती ऐकलीस का? वीज पडलीच नाही. लोकांना त्या जागी एक कोवळं हिरवं रोप दिसलं, तेच पुढं सणाचं झाड झालं."

"त्या मानसाला लेक होती का, बाई?"

तो माझ्या आणखी जवळ सरकला.

"त्याच्यावर न्हाई पडली. लेकीवर पडली का, ते कुनी लिहून ठिवलंय का?"

त्याची एकुलती लेक कोकिळा नवऱ्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेली होती. तिचे दिवस भरले होते. "दोन दिवस झाले फोन लावायलोय, लागंना," तो म्हणाला.

"पहिलं बाळंतपण ना रे? माहेरी का नाही आणलीस?"

"आनायलाच गेल्तो. मुकादम म्हनला, पैसे आगाऊ घेतलेत, नवरा-बायकोची जोडी मोडायची न्हाई. मला त्याच्या म्होरं बोलता आलं न्हाई. तसाच माघारी आलो."

तेव्हा मी घाबरले. म्हसोबाला नाही. उसाचा फड, पाचटाची झोपडी आणि तिथून दवाखाना किती लांब असेल, याला. आणि हेही कळलं, की रंगनाथला खरी भीती लेकीला आपणच तिथं सोडून आलो, याची होती. म्हसोबाची निदान माफी तरी मागता येते.

मी चांदण्या उतरवायला लागले. मुख्याध्यापक संतापले, पाहुण्यांना काय दाखवू म्हणाले. मी म्हटलं, चांदण्या दाखवा. भर उन्हात माझ्या स्कूटीवर मागं रंगनाथ फांदी कवटाळून बसला आणि आम्ही त्याच्या गावाकडं निघालो. वाटभर त्याचे दात वाजत होते ते मला ऐकू येत होतं.

लिंबाखाली त्यानं फांदी होती तशी ठेवली, मातीत डोकं टेकवलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. जावयाचा, बजरंगचा होता. रंगनाथनं तो माझ्यापुढं धरला. "तुमी ऐका. माझ्यानं न्हाई व्हायचं."

मी त्या लिंबाकडं बघितलं. तेव्हा मनात काय म्हटलं, ते विज्ञानाच्या बाईनं सांगू नये.

"पहाटं फडातच बाळंत झाली," बजरंग सांगत होता. "मुलगी झाली. रगत लय गेलं, पर दवाखान्यात आनलंय. दोघी बऱ्या हायत." मग जरा थांबून म्हणाला, "मुकादम म्हनतो, आठ दिसांनी मोळ्या बांधायला तरी उभी ऱ्हा."

मी ऐकलं तसं मोठ्यानं सांगितलं. रंगनाथ लेक वाचली म्हणून रडत होता, त्यानं शेवटचं वाक्य ऐकून डोळे पुसले. त्यानं फोनसाठी हात पुढं केला.

"जावईबापू, मुकादमाला सांगा, माझी लेक उभी ऱ्हानार न्हाई. न्हाई म्हंजे न्हाई. मी तिला न्यायला निघालोय."

फोन बंद करून तो माझ्याकडं बघत राहिला. दुसरंच कोणीतरी बोलून गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"बाई, मला लवकर स्टँडवर सोडा," तो म्हणाला. "उशीर झाला तर मी परत भिईन."

मी गाडी सुरू केली.