पिस्तुलाची खोड

नेमबाजीचा सराव मी दुसऱ्यांचं पिस्तूल मागून आणून करायचे. नवं घ्यायची माझी ऐपत नव्हती, म्हणून उमरग्याच्या एका निवृत्त क्रीडाशिक्षकांचं जुनं, छऱ्याचं पिस्तूल बघायला निघाले. माझे वडील, अण्णा, सोबत आले. जन्मभर त्यांनी बैलांशिवाय जुनं काही विकत घेतलेलं नव्हतं.

सरांनी पिस्तूल पुढं ठेवताच अण्णांनी विचारलं, "खोड काय हाय?"

"काहीच न्हाई. माझं मनगट गेलंय, म्हणून विकतोय."

"पोरी, तू मारून बघ."

अंगणात टांगलेल्या कागदावर मी पाच छरे मारले. पाचही डावीकडं गेले. लंगडता बैल बघितल्यासारखा अण्णांनी चेहरा पाडला. "डावीकडं वढतंय की वो, सर!" म्हणत त्यांनी खांद्यावरचा टॉवेल सरांच्या हातावर टाकला आणि बैलबाजारातल्यासारखी टॉवेलाखाली बोटं दाबून किंमत ठरवायला सुरुवात केली. पिस्तूल माझं, पैसे माझे, आणि भाव मला सोडून दोघांना ठाऊक! मी नुसती धुसफुसत उभी. शेवटी सरच नरमले.

घरी आल्यावर अण्णांनी पिस्तूल मागून घेतलं. शेतात गोफणीनं पाखरं हाकलणाऱ्या त्या हातानं पहिलाच छरा कागदाच्या मधोमध बसवला.

"म्हणजे खोड नव्हतीच?" मी भडकून विचारलं.

"हाय की, तुझ्यात हाय. मागून आणलेल्या पिस्तुलानंबी तू डावीकडंच मारतीस." अण्णांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "म्हणून तर तुला मारायला लावलं."